तंबोऱ्याची जवारी

मैफल सुरू होण्यापूर्वी गवई पुष्कळ वेळ तंबोऱ्याशी झटत असतो. खुंट्या पिळून होतात, मणी वरखाली सरकवून होतात, तारा स्वराला स्वर मिळतात. आणि तरीही त्याचे समाधान होत नाही. मग तो घोडीकडे वळतो आणि तारेखालचा सुताचा धागा केसभर मागेपुढे करतो. एकाएकी मुकी तार बोलू लागते. श्रोत्यांना वाटते, तंबोरा आता सुरात आला. वास्तविक सुरात तो आधीच होता. आता लागली ती जवारी.

व्हायोलिनची घोडी वरच्या अंगाला निमुळती असते, तार तिच्या काठावर टेकते आणि तेथेच तिचे कंपन संपते. तंबोऱ्याची घोडी मात्र पाटासारखी रुंद असते. तिचा पृष्ठभाग सपाट दिसला, तरी त्याला डोळ्यांना जेमतेम कळेल असा बाक दिलेला असतो. तार त्या बाकावरून अंग चोरून जाते आणि छेडली म्हणजे प्रत्येक आंदोलनात त्याला स्पर्श करते व सुटते. या स्पर्शामुळे मूळ स्वराची शक्ती वरच्या स्वयंभू स्वरांकडे वळते. खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो तो असा. तार बाकापासून किती उंच राहावी, हे ठरविण्यासाठी तो धागा असतो.

शास्त्रज्ञांनाही या बाकाने कोड्यात टाकले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वराचे कंपन शून्य असते तो उपस्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात तोच उपस्वर जोमाने ऐकू येतो, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले, आणि त्याचे श्रेय या रुंद घोडीला दिले.

घोडीला हा बाक देणारे कारागीर मात्र केवळ कानावर विसंबून काम करतात. मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकापासून नांदते आहे. तेथील फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातले; तलवारींचे दिवस मावळले तेव्हा या घराण्याचे हात वाद्यांकडे वळले. पोलादाला पाणी देणाऱ्या हातांनी हाडावर कानस चालवावी, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. कान तयार करायला वर्षेच जावी लागतात. कानशीचे दोन हात फिरवायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवून पुन्हा घासायचे, असा हा क्रम चालतो. घासून गेलेला कण परत बसविता येत नाही, म्हणून घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

जवारी किती खुली ठेवावी, हा रुचीचा प्रश्न आहे. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, झळाळती. उस्ताद विलायत खाँ यांची त्या मानाने बंद, गोलाईची. दोहोंपैकी एकच शुद्ध मानणे हा हट्ट होय. विजेवर चालणाऱ्या पेटीतल्या तंबोऱ्याला यांतले काहीच करावे लागत नाही. ती सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यावरच वाढलेल्या विद्यार्थ्याला जवारी उतरल्याचे कळणार कसे?

दिल्लीला वा इंदुरास राहणाऱ्याने, जवळ कारागीर नसेल तर, आधी धाग्याकडे पाहावे. धागा मळला वा तुटू लागला की तार मुकी होते. नवे सूत घालून ते सावकाश सरकवीत ऐकावे. तो सर्व जागी फिरवूनही नाद खुलत नसेल, तार नुसती खरखरत असेल आणि घोडीवर तारेने पाडलेली खाच नखाला लागत असेल, तर दोष घोडीचा आहे. तेव्हा घरी कानस हाती घेऊ नये. तारा सैल कराव्यात, भोपळ्याला चहूकडून गाद्यांचा आधार द्यावा आणि वाद्य जाणत्याकडे पाठवावे.