पहिला शुक्रवार

पावणेपाचला गजर होतो. जुलैत या वेळी बेळगावच्या कॅम्पात खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. कौलांवरून पागोळ्या पडत असतात, तेवढं ऐकू येतं. मी वसईचा. आमच्याकडे पावसाळा म्हणजे घाम आणि चिखल. इथं जुलैत स्वेटर घालावा लागतो, हे पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं तर तिला पटलंच नाही.

पाच ते सहा ध्यान. मी अजून फादर झालेलो नाही. येशूसंघात येऊन आठवं वर्ष चालू आहे. दोन वर्षं नवदीक्षेची, मग पदवी, मग तत्त्वज्ञान आणि आता दोन वर्षं लोकांत राहून काम. पुढं ईशज्ञान, त्यानंतर गुरुदीक्षा. तोवर सगळे मला ‘ब्रदर’ म्हणतात. संत इग्नेशियसनं घालून दिलेली ध्यानाची रीत अशी की शुभवर्तमानातला एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात जाऊन उभं राहायचं. कुठली जागा, कोण माणसं, कसला वास, कसला आवाज, सगळं डोळ्यांपुढं आणायचं. आज पक्षाघात झालेल्या माणसाचा प्रसंग घेतला होता. दारात गर्दी म्हणून चौघे जण त्याला छपरावर चढवतात आणि छप्पर उघडून येशूपुढं खाली सोडतात. बरेच दिवस ध्यान कोरडं जातं. तासभर नुसतं बसून उठायचं, हाती काही लागत नाही. लागत नाही म्हणून उठून जायचं नाही, एवढंच या आठ वर्षांत शिकलोय. आज मात्र एक विचार सुटेना. ते घर कुणाचं होतं? सगळे देवाचे गुण गात निघून गेल्यावर ते छप्पर परत कुणी नीट केलं?

सव्वासहाला मिस्सा. रोजची मिस्सा इंग्रजीत असते. रविवारी मात्र कॅम्पात आणि आसपास कोंकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषांतले आवाज कानी पडतात. मी मराठीत प्रार्थना करत वाढलो. घरी आजोबांच्या वेळचं प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि ‘सुवार्ता’ मासिक दर महिन्याला यायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ इथं येताना मी पिशवीत घालून आणलं, अजून तेच वाचतो. माझ्या लेखी देव आधीपासून मराठी बोलतो. इथं आल्यावर पहिल्यांदा कळलं, की शेजारच्या बाकावरच्या माणसाशी तो वेगळं बोलतो.

न्याहारीला उप्पीट आणि चहा. टेबलावर दोन पेपर असतात. एक ‘तरुण भारत’, बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेला, आणि दुसरा कन्नड. घरातले थोरले फादर मराठी पेपर आधी स्वतःकडे ओढतात आणि कन्नड माझ्यापुढं सरकवतात. हा त्यांनी मला न बोलता दिलेला गृहपाठ. मी बोट ठेवून मथळे वाचतो. अक्षरं आता ओळखीची झालीत, पण जोडाक्षर खाली लटकलेलं दिसलं की अजून थांबतो.

साडेआठ ते एक शाळा. सातवीला विज्ञान, आठवीला मूल्यशिक्षण आणि एक बदली तास. पोरं फौजेतल्या घरांतली, फिश मार्केटमधली, हिंडलगा-गणेशपूरकडून सायकलीवर येणारी. वर्गात इंग्रजी, मैदानात हिंदी, भांडणात मराठी, आणि घरी प्रत्येकाची आपली. या गावात बाहेरून येऊन शाळा काढणाऱ्यांची रांग मोठी आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली इथं आले, त्यांच्यामागून विल्यम बेनन आले, आणि बेनन-स्मिथ हे नाव आजही बेळगावकरांच्या तोंडी शाळेचं नाव म्हणूनच आहे. १९०४ साली लंडनवाल्यांनी आपलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं. आमच्या येशूसंघाची सेंट पॉल्स शाळा १८५६ सालची. या सगळ्यांकडे इथं येताना काहीतरी देण्यासारखं होतं. इंग्रजी होती, छापखान्याची अक्षरं होती, औषधं होती. आज इंग्रजी शाळा गल्लोगल्ली आहेत. माझ्याकडे देण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मी तासाच्या घंटेबरोबर बाजूला ठेवतो, पण तो जात नाही.

दुपारी जेवणाआधी पंधरा मिनिटं आत्मपरीक्षण. सकाळपासून देव कुठं भेटला, मी कुठं चुकलो. आज एका पोराला उगाच रागावलो, त्याचा स्वेटर भिजला होता म्हणून तो पेंगत होता. उद्या त्याला सांगायचं, चूक माझी.

अडीचला कन्नडचे मास्तर येतात. निवृत्त शिक्षक आहेत, छत्री दाराबाहेर उभी करून मगच आत येतात. वर्षभर झालं ते येतात, आता आठवड्यातले तीन दिवस, आणि एका पैशाला हात लावत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात एका मराठी पालकानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘ब्रदर, तुम्ही आपले मराठी माणूस, आणि कन्नड शिकूलाय?’’ त्या प्रश्नात राग नव्हता, दुखणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेला या गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे काळा दिवस पाळला जातो. ज्यांच्या घरातल्या तीन पिढ्या या सीमावादात गेल्या, त्यांना बाहेरून आलेल्या पोरानं शहाणपण शिकवू नये. मी त्यांना एवढंच म्हणालो, ‘‘माझी मराठी कुठं जात नाही हो. पण मला काही माणसांना भेटायचंय, ती मराठीत सापडत नाहीत.’’

तेव्हा माझ्या मनात फादर स्टीफन्स होते. विल्टशायरमधला हा इंग्रज तरुण २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्याला उतरला तेव्हा तिशीचा होता, म्हणजे माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. मायदेशी तो परत गेला नाही. साष्टीत राहून तो इथल्या भाषा इतक्या खोल शिकला, की त्यानं ‘ख्रिस्तपुराण’ जवळपास अकरा हजार ओव्यांत लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओवीत लिहिलं, कारण इथली माणसं पुराण ओवीतच ऐकत. इथल्या भाषा ग्रीक आणि लॅटिनला जवळच्या आहेत, असं त्यानं १५८३ मध्येच भावाला पत्रातून कळवलं होतं. विल्यम जोन्सनं कलकत्त्यात संस्कृतबद्दल तेच सांगायला आणखी दोनशे वर्षं लागली. लोक त्याची विद्वत्ता सांगतात. मला त्याची पहिली दोन वर्षं कशी गेली असतील, ते जाणून घ्यायचं असतं. समोरचा हसला तर का हसला, हे न कळणारी वर्षं.

आज मास्तरांनी एकच धडा दिला, ‘हालु’ आणि ‘हल्लु’. पहिलं म्हणजे दूध, दुसरं म्हणजे दात. ‘‘आ लांबवा,’’ ते म्हणाले. ‘‘घाई करू नका. दूध तापायला वेळ लागतो.’’

साडेतीनला निघालो. आज पहिला शुक्रवार, येशूच्या पवित्र हृदयाचा. ज्यांना चर्चला येता येत नाही अशा आजाऱ्यांना आज घरी ख्रिस्तप्रसाद न्यायचा असतो. परवानगी मिळाल्यापासून कॅम्पातली चार घरं माझ्याकडे आहेत. छोटी सोनेरी डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात, वर रेनकोट. डबी गळ्यात असताना मी वाटेत फारसं बोलत नाही. पण रिक्षावाले मामा बोलके निघाले. शाळेतला का, कुठला, लग्न झालंय का, असं विचारत विचारत मिलिटरी महादेवाच्या देवळापाशी त्यांनी हँडल सोडून पटकन नमस्कार केला आणि म्हणाले, ‘‘राग मानू नका हं ब्रदर. तुम्ही लोकं धर्म बदलायला येता म्हणतात. खरं काय?’’

राग आला नाही. ‘मिशनरी’ म्हटलं की लोक हातांकडे बघतात, याच्या हातात काय आहे, बदल्यात काय मागणार. हा संशय उगाच आलेला नाही, त्याला इतिहास आहे आणि तो मला नाकारायचा नाही. मी सांगितलं, ‘‘मामा, मी एका आजीला भेटायला चाललोय. ती जन्मापासून ख्रिस्ती आहे आणि तिला घरातून बाहेर पडता येत नाही. येशूवर माझा जीव आहे, ते लपवून कसं चालेल? पण कुणाला काही देऊन येशूच्या नावानं माणूस विकत घेतलं, तर तोच मला जाब विचारेल.’’ मामा काही बोलले नाहीत. उतरताना दहा रुपये कमी घेतले आणि म्हणाले, ‘‘आजीला लवकर बरं वाटू दे.’’

तीन घरं लवकर झाली. चौथं अज्जीचं.

अज्जी संकेश्वरकडच्या खेड्यातली. घरची बोली कन्नड. लग्नानंतर निपाणीला आली आणि पस्तीस-चाळीस वर्षं विड्या वळल्या. तिथं राहून मराठी अशी पक्की झाली, की गेल्या वर्षी मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा ती माझ्या वसईच्या हेलाची नक्कल करायची. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले होते, ते दिवस तिनंच मला सांगितले. पुढं मुलाला कॅम्पात नोकरी लागली तशी ती इकडे आली. दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू सावरली, पण मराठी गेली. सगळी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, नंतरची भाषा जाते आणि आईकडून आलेली राहते. नातू मराठी शाळेत शिकलेला, सून कोंकणी. अज्जी बोलायची आणि घरात निम्मंअर्धंच कुणाला कळायचं. मी त्या महिन्यात मास्तरांकडे जाऊन म्हटलं, आठवड्यातून एक दिवस पुरणार नाही, तीन करा.

खोलीत पाणी ठिबकत होतं. खाटेच्या पायथ्याशी बादली ठेवलेली. मी म्हटलं, ‘‘नमस्कार री अज्जी.’’ तिनं मान हलवली, ‘‘बर्रि,’’ या म्हणाली. मग मी विचारायला गेलो, दूध प्यायलात का, आणि घाईत तोंडातून ‘हल्लु’ निघालं. अज्जीनं माझ्याकडे बघितलं, डावा हात वर केला आणि बोट हवेत लांब नेत म्हणाली, ‘‘हाऽऽलु.’’ मी म्हणून दाखवलं. तिनं परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिनं हात खाली घेतला.

मेणबत्ती लावली. तिचा उजवा हात गोधडीवर पडला होता, आणि त्याची बोटं चालू होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सरकत होती, मग मधलं बोट येऊन टोक दुमडत होतं, मग करंगळीला काहीतरी गुंडाळल्यासारखं. नातवानं मागच्या वेळी सांगितलं होतं, म्हणून कळलं. पान कापलेलं, चिमूटभर जर्दा पसरलेला, वळलं, टोक दाबलं, दोरा बांधला. दिवसाला हजार विड्या वळलेली बोटं. मराठी गेली, पण हे राहिलं.

प्रभूची प्रार्थना तिनंच सुरू केली. मी मागून कन्नडमध्ये म्हणत गेलो. ‘तंदे’ या शब्दाशी मी नेहमी अडखळतो. तंदे म्हणजे पिता. हे मला ठाऊक आहे, पण ‘बाबा’ म्हटलं की जे आत हलतं ते ‘तंदे’ म्हणताना हलत नाही. तो अजून पाठ केलेला शब्द आहे. अज्जीनं तो म्हटला तेव्हा मात्र तिच्या तोंडाची वाकडी झालेली बाजू क्षणभर सरळ झाल्यासारखी दिसली, आणि मला वाटलं, कुणाला तरी दारातून आत येताना बघून माणूस हाक मारतं, तशी ही हाक आहे. प्रार्थना संपेपर्यंत मी फक्त ऐकलं. ख्रिस्तप्रसाद घ्यायला तिनं हात पुढं केला. बोटं थांबली. तो पांढरा तुकडा तळहातावर ठेवला तेव्हा अंगठ्यानं तिनं तो अलगद दाबून धरला, पान उडू नये म्हणून धरतात तसा.

सकाळपासून जो प्रश्न बाजूला ठेवत होतो, तो तिथं खाटेपाशी गळून पडला. मी तिच्यासाठी काही घेऊन आलो नव्हतो. डबीत होता तो माझा नव्हता. माझं म्हणावं असं तिथं एकच होतं, तिचा एक शब्द चुकवणारं आणि दुरुस्त करून घेणारं तोंड. माझी श्रद्धा अशाच खोल्यांत वाढते, हे मला कुठल्याही ध्यानाच्या तासापेक्षा आज स्पष्ट कळलं.

निघताना नातू म्हणाला, वरचं एक कौल सरकलंय, शिडी आहे पण धरायला कुणी नाही. मी धरतो म्हटलं, पण पाऊस आणि त्याचं वजन बघून शेवटी मीच चढलो. शेवाळानं कौल निसरडं झालं होतं. सरकवून जागेवर बसवलं आणि खाली उतरलो तेव्हा बाही खांद्यापर्यंत भिजली होती. ठिबक थांबली की नाही, हे बघायला आम्ही दोघं बादलीपाशी थोडा वेळ उभे राहिलो. थांबली.

सहाला परत. मैदानात तळं साचलेलं, म्हणून पोरांचं फुटबॉल नाही. कपडे बदलले, वह्या तपासल्या. साडेसातला जपमाळ, आठला जेवण. जेवणानंतर थोरले फादर जुन्या बेळगावच्या गोष्टी सांगतात. आज माझं लक्ष नव्हतं आणि त्यांना ते कळलं, तरी त्यांनी सांगणं थांबवलं नाही.

नऊला आईचा फोन. वसईला पाणी तुंबलंय, गाडी दोन तास उशिरानं आली, बाबांचा खोकला कमी आहे. ‘‘तू बरा आहेस ना रे?’’ बरा आहे, म्हटलं. वर्षातून एकदा पंधरा दिवस घरी जातो. निघताना ती दारात उभी राहते आणि हात हलवत नाही. हे व्रत आहे आणि ते मी आनंदानं घेतलंय. तरी फोन ठेवल्यावर पाच मिनिटं काही करता येत नाही.

साडेनऊला रात्रीचं आत्मपरीक्षण. आभार मानायला सुरुवात केली, मास्तर, रिक्षावाले मामा, दहा रुपये, कौल. मधेच फोन थरथरला. अशा वेळी मी उचलत नाही, पण नाव अज्जीच्या नातवाचं होतं. छातीत धस्स झालं.

‘‘ब्रदर, काही नाही, घाबरू नका,’’ तो म्हणाला. ‘‘अज्जी झोपूनाच झालीय. तुम्ही भिजून गेलाय म्हणून मघापासून एकच विचारूलीय. थांबा, तिच्या कानाला लावतो.’’

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तिचा आवाज, जड, पण स्वच्छ. जेवण झालं का, विचारत होती.

‘‘ऊट आयता?’’

‘‘आयतु, अज्जी,’’ मी म्हणालो.