बर्फावर उभे राहिलेले सभागृह

इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स भागातील नॉटिंगहॅम हे लंडन वा मँचेस्टरच्या मानाने लहान शहर. तरीही सुमारे दहा हजार प्रेक्षकांची सोय असलेले, मैफली आणि क्रीडासामने या दोहोंसाठी बांधलेले बंदिस्त प्रेक्षागृह तेथे आहे. एकेकाळी लेसच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या लेस मार्केट या जुन्या वस्तीला लागून ते उभे असून, नगर परिषदेच्या मालकीच्या ‘नॅशनल आइस सेंटर’ या संकुलाचा तो एक भाग आहे. अनेक शहरांत प्रेक्षागृह आधी बांधले जाते आणि त्यात खेळ नंतर शिरतो; येथे मात्र बर्फ आधी होता.

शहरातील पहिले बर्फाचे स्टेडियम १९३९ साली उघडले. परंतु महायुद्ध आडवे आल्यामुळे नॉटिंगहॅम पँथर्स हा आइस हॉकीचा संघ प्रत्यक्षात १९४६ साली मैदानात उतरला. विमा कंपनीतील कारकून जेन टॉर्व्हिल आणि पोलीस शिपाई ख्रिस्तोफर डीन या नृत्यजोडीने याच शहरात सराव केला आणि १९८४ च्या सारायेव्हो हिवाळी ऑलिंपिकमध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’वर नृत्य करून सुवर्णपदक मिळवले, कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना ६.० हे पूर्ण गुण दिले. नियमाने नृत्याला ४ मिनिटे १० सेकंदांची मर्यादा होती आणि काटछाट करूनही संगीत ४ मिनिटे २८ सेकंदांचे उरत होते. तथापि वेळेची मोजणी स्केटचे पाते बर्फाला टेकल्यापासून सुरू होत असल्याने, आरंभीचे १८ सेकंद ही जोडी गुडघ्यांवर राहूनच नाचली. जुने स्टेडियम पाडून राष्ट्रीय लॉटरीच्या निधीच्या साहाय्याने नवे संकुल उभारण्यात आले, तेव्हा १ एप्रिल २००० रोजी त्याचे उद्घाटन टॉर्व्हिल यांच्याच हस्ते झाले. २००१ साली दुसरे बर्फमैदान पूर्ण झाले. साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद अशी, ऑलिंपिक मापाची दोन बर्फमैदाने एकाच छताखाली असणे ही ब्रिटनमधील पहिलीच सोय होती.

अशा सभागृहात एका रात्री हॉकी आणि दुसऱ्या रात्री मैफल कशी होते, हा या वास्तुप्रकाराचा खरा गाभा आहे. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते. त्यांतून शून्याच्या बरेच खाली थंड केलेले मिठाचे पाणी किंवा ग्लायकॉल (न गोठणारा द्रव) फिरत राहते आणि वर शिंपडलेले पाणी थराथराने गोठवले जाते. हा बर्फ जेमतेम तीन-चार सेंटीमीटर जाडीचा असतो. खेळाच्या मध्यंतरात ‘झांबोनी’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र ओरखडे तासून वर गरम पाण्याचा पातळ थर पसरते, कारण गरम पाणी खालचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. मैफलीसाठी हा बर्फ वितळवत नाहीत. तो पुन्हा गोठवण्यात वेळ आणि वीज दोन्ही जातात. कडेच्या काचा काढून उष्णतारोधक फळ्या अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर खुर्च्या व रंगमंच मांडला जातो, म्हणजे आवडत्या गायकासाठी नाचणारा प्रेक्षक प्रत्यक्षात गोठलेल्या तळ्यावर उभा असतो. हजारो माणसांच्या श्वासाची वाफ थंड पृष्ठभागावर दव होऊन साचू नये यासाठी हवा सतत कोरडी करावी लागते. दिवे व ध्वनिवर्धक छताच्या पोलादी तुळयांना टांगले जात असल्याने छताची रचनाही त्या भाराचा हिशेब धरूनच केलेली असते.

अर्थकारणाचा भाग थोडक्यात सांगता येईल: केवळ हॉकीवर एवढी वास्तू वर्षभर पोसली जात नाही, म्हणून मैफली, डार्ट्सची प्रीमिअर लीग आणि प्रायोजकाला विकलेले नाव यांचा आधार घ्यावा लागतो. ट्रेंट एफएम, कॅपिटल एफएम आणि २०१६ पासून मोटरपॉइंट अशी नावे या प्रेक्षागृहाने पालटली आहेत. जोडमैदानाचे महत्त्व येथेच ध्यानात येते, कारण मुख्य प्रेक्षागृह फळ्यांखाली झाकलेले असतानाही शेजारच्या बर्फावर शाळकरी मुलांचे वर्ग आणि खेळाडूंचा सराव चालू राहू शकतो. ब्रिटनचा शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगचा (लहान वर्तुळावरील वेगवान स्केटिंगचा) संघ याच संकुलात घडला आणि येथेच सराव करणाऱ्या एलिस ख्रिस्टीने २०१७ च्या रॉटरडॅम जागतिक स्पर्धेत १००० मीटर, १५०० मीटर आणि सर्वंकष अशी तीन सुवर्णपदके जिंकली.