कल्याणी ते माहूर : गोंधळ्यांच्या मेळाची परंपरा

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा विद्याकलांचा कोश सिद्ध केला, आणि त्यात ‘गोंडली’ नावाच्या एका नृत्याची नोंद करून ठेवली. या नोंदीमागची हकीकत वरंगळच्या काकतीयांचा सेनानी जाय याने १२५३-५४ च्या सुमारास आपल्या ‘नृत्तरत्नावली’त दिली आहे : भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेशात नाचणारी एक स्त्री राजाने पाहिली आणि लोकांतल्या त्या नृत्याला शास्त्रात स्थान दिले. देवगिरीच्या सिंघण यादवाचा आश्रित शार्ङ्गदेव यानेही ‘संगीतरत्नाकरा’त त्याची दखल घेतली. आजच्या गोंधळाचे मूळ या गोंडलीत शोधणारे संशोधक आहेत, आणि त्यांचे म्हणणे ग्राह्य वाटण्यास भूगोलही साक्षी आहे. कारण कल्याणी, देवगिरी आणि वरंगळ या तिन्ही दरबारांना जोडणाऱ्या पट्ट्यातच नांदेड-लातूरचा मुलूख येतो.

पुढे राजवटी बदलल्या, निजामी अंमल आला आणि गेला. गोंधळी मात्र गावगाड्यात अलुतेदार म्हणून आपला पिढीजात हक्क सांभाळून राहिला. त्याच्या दोन शाखा प्रसिद्ध आहेत : माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे, आणि १९८२ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत लातूर हे तुळजापूरच्याच, म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. रेणुराईंचे वाद्य तुणतुणे, ते त्यांच्या कथेप्रमाणे परशुरामाने घडविले. बेटासुराचा वध करून, त्याच्याच शिरांची तार ओढून त्याने ते सिद्ध केले आणि ते वाजवीत मातेला वंदन केले.

लग्नानंतर गोंधळासाठी अंगणात चौक भरला जातो, धान्यावर घट बसतो, त्यावर उसांचा मांडव उभा राहतो, आणि दिवटीवर बुधलीतले तेल पडताच मेळ उभा राहतो. मेळात माणसे मोजकीच. मुख्य गोंधळी पायघोळ झग्यावर कवड्यांची माळ घालून पुढे असतो. संबळ वाजविणाऱ्याच्या कमरेला दोन तोंडांची जोडी बांधलेली असते, एक लहान व चढ्या आवाजाचे, दुसरे मोठे व खर्जाचे. दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वळविलेले असते. तुणतुण्याची एकच तार खुंटीने ताणली, की तीच स्वर धरते आणि तीच लयही राखते. सर्व दैवतांना नावानिशी गोंधळास बोलावून झाल्यावर आख्यान सुरू होते. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न घालून ती अडवितो, आणि त्या अडविण्यातूनच कथा रंगते. करपल्लवी हे त्यांचे खास कसब. श्रोत्यांपैकी कोणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगावे, त्याने केवळ बोटांच्या खुणांनी ते दूरच्या सोबत्याला कळवावे आणि सोबत्याने ते गाण्यात गुंफून म्हणावे. पहाटेकडे संबळाची गती वाढत जाते, कोणाच्या अंगात येते, आणि पेटत्या दिवट्यांनिशी आरती होते. पैठणच्या एकनाथांसारख्या संतालाही या रूपाचा मोह पडला आणि त्यांनी गोंधळाचे रूपक रचले.

या मेळाचे मोल जाणण्यासाठी थोडे दूर पाहावेसे वाटते. १९६६ साली रॉबिन विल्यमसन, माइक हेरन आणि क्लाइव्ह पामर या तरुणांच्या एडिंबरोत जमलेल्या ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ने पहिली ध्वनिमुद्रिका काढली. पामर लगेच अफगाणिस्तान-हिंदुस्थानच्या वाटेला लागला, विल्यमसन मोरोक्कोतून वाद्ये घेऊन परतला, आणि पुढच्या ध्वनिमुद्रिकांत स्कॉटलंड-आयर्लंडच्या गीतांशेजारी सतार येऊन बसली. सायकेडेलिक लोकसंगीत म्हणून गाजलेला तो संच १९७४ मध्ये मोडला. त्यांची तळमळ खरी होती, त्यांच्या रचनांत विलक्षण कल्पकताही आहे. परंतु श्रोत्याला देहभान विसरावयास लावणारे, देव, कथा आणि नाद यांना एकत्र बांधणारे जे गायन त्यांना देशोदेशीचे साहित्य जुळवून उभे करावे लागले, ते आमच्याकडे बाप मुलाला शिकवीत आला होता. त्या आठ वर्षांच्या संचावर पुस्तके लिहिली गेली, त्याच्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेची बारकाईने चिकित्सा झाली. तेवढ्याच आस्थेने आमच्या तालुक्यातालुक्यांतील गोंधळ्यांची घराणी, त्यांची आख्याने आणि संबळाचे बोल लिहून ठेवले पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गोंधळी हा केवळ कुलाचाराचा मानकरी नव्हे. तो गायक, नट, वादक आणि कथाकार आहे. हल्ली यजमानाला घाई असते, आख्यान आटोपते घेतले जाते, आणि जे गायिले जात नाही ते एका पिढीत विसरले जाते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने लातूरच्या उपकेंद्रासह वयोवृद्ध गोंधळ्यांचे रात्रभराचे संपूर्ण गोंधळ ध्वनिमुद्रित करण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि ज्या वाचकांच्या घरी या लग्नसराईत गोंधळ व्हावयाचा असेल, त्यांनी मेळाला पहाटेपर्यंतचा वेळ द्यावा, आख्यान मध्ये तोडू नये आणि बिदागी देताना हात आखडता घेऊ नये.