गाडीत बसणाऱ्याला कोणी विचारायचं?

१८५५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणहून वाशिंदला पोहोचली. १८६० मध्ये ती आसनगावला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला, आणि थळ घाट फोडून १८६५ मध्ये इगतपुरीला. शहापूर तालुक्याच्या नकाशावर ही रेघ तिरपी उमटली आणि पुढची दीडशे वर्षं तालुक्यात कुठे काय वाढायचं हे बऱ्याच अंशी तिनेच ठरवलं. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही नावं लोकलच्या पाटीवर गेली. शेणवे, किन्हवली, डोळखांब ही गावं एसटी आणि जीपच्या भरवशावर राहिली. रेघ कुठून न्यायची हे कंपनीच्या इंजिनिअरांनी चढ पाहून ठरवलं होतं. रयतेचं मत घेण्याची पद्धत त्या राज्यात नव्हतीच.

आज डोळखांब दोन रुळांच्या मधे आहे. एक जुना, कसारा मार्गाचा. दुसरा अजून व्हायचा आहे, कल्याण-मुरबाडचा. सुमारे २८ किलोमीटरचा हा नवा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ७२६ कोटी रुपयांच्या अंदाजाने आला. आधी टिटवाळ्यावरून न्यायचा विचार होता, मंजूर झाला तो उल्हासनगरमार्गे. २०२३ मध्ये निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. मुरबाडकरांनी या गाडीची वाट पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे, आणि हीच वाट माळशेजवरून नगरला न्यावी ही मागणीही जुनी आहे. मुरबाडला खरोखर गाडी लागली, की किन्हवली-सरळगावच्या बाजूला आणि डोळखांबच्या दक्षिणेकडच्या पाड्यांवर रोजचा हिशोब बदलेल. आसनगाव गाठायचं की मुरबाड, पहिली एसटी कुठली धरायची, भाजीची पाटी कुठे उतरवायची. म्हणजे या मार्गाशी डोळखांबचा संबंध आहे. फक्त तो कायद्याला दिसत नाही.

रेल्वेच्या भूसंपादनासाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यात २००८ साली एक नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम २०-अ प्रमाणे सरकार राजपत्रात इरादा जाहीर करतं. त्याचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापायचा, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मग कलम २०-ड प्रमाणे तीस दिवसांत लेखी हरकत घ्यायची. सक्षम अधिकारी सुनावणी देतो, आणि त्याचा निर्णय अंतिम. पण हरकत कोणी घ्यायची? ‘हितसंबंधित व्यक्ती’ने. ही व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. भरपाईवर दावा सांगणारा तिच्यात येतो. कूळ येतं. वहिवाटीचा हक्क असणारा येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांचे हक्क मान्य झाले आणि आता जाणार आहेत असे आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी येतात. शेवटची तरतूद चांगली आहे, पण ‘मान्य झाले’ या दोन शब्दांत ज्यांचा दावा अजून उपविभागीय समितीत पडून आहे असा ठाकूर किंवा कातकरी शेतकरी बाहेर राहतो.

आणखी एक माणूस बाहेर राहतो, त्याची उणीव मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे उद्या त्या गाडीत बसणारा. रेल्वे प्रवाशांसाठी बांधतात, आणि ती बांधण्याच्या कायद्यात प्रवासी हितसंबंधित नाही. ज्याची जमीन जाते त्याला नाही म्हणायला तीस दिवस मिळतात. ज्याला गाडी हवी आहे, पण फाट्यापाशी, आणि पहाटे लवकर, त्याला ते सांगायला कायद्यात एक दिवसही नाही.

पर्यावरणाच्या वाटेने तरी बोलता येईल का? २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली जनसुनावणी घ्यावी लागते, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण त्या अधिसूचनेच्या यादीत रेल्वे नाही आणि मेट्रोही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्यावरची सुनावणी सक्तीची केली, तर त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि मेट्रोचे कायदे बाजूला काढून ठेवले. भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी पुढे त्यांनाही लागू झाल्या. विचारण्याची तरतूद झाली नाही. पैसे मोजून देऊ, मत मोजणार नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग आहे. इथे १९९६ चा पेसा कायदा लागतो. विकासप्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं तो सांगतो. राज्याने २०१४ मध्ये त्याचे नियम केले, आणि त्यांत पाड्याला किंवा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवण्याची वाट ठेवली. डोळखांबसारख्या परिसरात, जिथे एका ग्रामपंचायतीत टेकड्यांआड विखुरलेले पाडे असतात, तिथे ही वाट फार मोलाची आहे. पण इथेही विचारायचं ते जमिनीबद्दलच.

या मुलखाला रेघांची सवय आहे. १८९२ च्या तानसा तलावापासून पुढे मोडकसागर आणि भातसापर्यंत मुंबईचं पाणी याच तालुक्यातून जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो शहापुरातूनच जातो. त्याच्या लँड पूलिंगला, म्हणजे जमिनी एकत्र करून घेण्याच्या योजनेला, शहापूरच्या शेतकऱ्यांनी २०१६-१७ मध्ये विरोध केला, आणि सरकार थेट खरेदीवर आलं. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं होतं; ते २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं. इथल्या लोकांना बोलता येत नाही असं कोणी समजू नये. त्यांना बोलावलं जातं ते मोजणीदार बांधावर उभा राहिल्यावर, आणि तेव्हा एकच शब्द उरलेला असतो, ‘नको’.

उशिरा विचारलं की काय होतं, याचा आपल्याकडचा मोठा दाखला कोकण रेल्वेचा आहे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम वेगाने सुरू झालं. गोव्यात आखणी किनारपट्टीच्या अंगाने होती. दाट वस्ती, जुन्या गोव्याचा परिसर, आणि मुख्य म्हणजे खाजण जमिनी तिच्या वाटेत होत्या. खाजण म्हणजे खाडीच्या भरतीला बांध घालून शतकानुशतकं राखलेली शेती. तिच्यात मातीचा भराव पडला की पाण्याची अख्खी व्यवस्था बिघडते, हे तिथल्या शेतकऱ्याला कळत होतं. लोकांनी मार्ग पूर्वेकडे, आतल्या तालुक्यांतून न्या म्हटलं. गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. आंदोलन वाढलं, १९९३ मध्ये गोव्यातलं काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला, आणि अखेर मार्ग बहुतांशी होता तिथेच राहिला. १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

श्रीधरन यांच्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे, आणि आज कोकणातल्या कुठल्याही घराला ही रेल्वे नको म्हणवणार नाही. तरीही तो वाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते. किनाऱ्याने की आतून, हा प्रश्न पूर्णपणे अभियांत्रिकीचा नव्हता. कोणत्या तालुक्याने काय सोसायचं आणि कोणाला काय मिळायचं, याचा तो प्रश्न होता. निविदा निघण्याआधी तो गोव्यापुढे ठेवला असता, तर कदाचित उत्तर हेच आलं असतं. पण खाजणाच्या बांधाखाली किती मोऱ्या लागतील, त्या कुठे हव्यात, हे ज्याला ठाऊक होतं त्याला विरोधक म्हणून उभं राहावं लागलं नसतं.

मुंबईतल्या आरेचं उदाहरण ताजं आहे. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडणं आणि ४६१ झाडं हलवणं, असा प्रस्ताव महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे होता. हरकती मागवल्या तेव्हा ८२ हजारांवर आल्या. २९ ऑगस्ट २०१९ ला प्रस्ताव मंजूर झाला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. इतक्या माणसांनी लिहिलं, पण त्यांना विचारलं होतं ते झाडांबद्दल. कारशेड कुठे असावं, हा प्रश्न त्याआधीच मिटवून टाकलेला होता.

फ्रान्समध्ये हा क्रम कायद्याने उलटा केला आहे. मार्सेकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेच्या आखणीवरून १९९० च्या सुमारास ऱ्होन नदीच्या खोऱ्यातले शेतकरी पेटून उठले होते. त्या अनुभवातून १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक चर्चेसाठी राष्ट्रीय आयोग निर्माण झाला, आणि २००२ पासून तो स्वतंत्र आहे. मोठा प्रकल्प कागदावर असतानाच चर्चा होते, आणि प्रकल्प हवा का, हा प्रश्नही तिच्यात विचारता येतो. आयोग स्वतः मत देत नाही. कोणी काय मुद्दा मांडला याची नोंद करून ती प्रसिद्ध करतो. त्यानंतर तीन महिन्यांत प्रकल्पकर्त्याने जाहीर सांगायचं असतं की तो पुढे जाणार का, आणि काय बदलणार.

पॅरिसभोवतीच्या नव्या मेट्रोवर ३० सप्टेंबर २०१० ते ३१ जानेवारी २०११ अशी चर्चा झाली, तेव्हा लोकांपुढे एकाच वेळी दोन आराखडे होते. केंद्र सरकारचा मार्ग विमानतळ आणि उद्योगकेंद्रं जोडणारा, प्रादेशिक परिषदेचा मार्ग दाट उपनगरांना वळसा घालणारा. सभा चालू असतानाच, जानेवारीत, दोन्ही बाजूंना एकत्र येऊन एक आराखडा करावा लागला. सुमारे २०० किलोमीटर आणि ६८ स्थानकांचं जे जाळं आज तिथे बांधलं जात आहे ते त्यातून आलं. आपल्याकडे २०१७ च्या मेट्रो धोरणाने पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा केला आहे, ही चांगली सुरुवात आहे. पण तो अभ्यास सल्लागार कंपनीच्या कार्यालयात होतो. पर्यायांचे नकाशे शेजारी शेजारी चावडीवर लागलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

भाषेचाही प्रश्न आहे. २०२० मध्ये पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हा तो सगळ्या अनुसूचित भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. डोळखांबला नकाशा द्यायचा तर तो गट नंबरांसह, पाड्यांच्या आणि ओहोळांच्या बोलीतल्या नावांसह द्यावा लागेल. मीटरमधली साखळी-अंतरं आणि अक्षांश-रेखांश लावलेल्या कागदावरून आपलं शेत ओळखणं शिकलेल्या माणसालाही जमत नाही.

आणि खरोखर विचारलं, तर डोळखांबकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. स्थानकाची जागा गावापासून किती लांब यापेक्षा तिथे एसटी वळेल का, हे इथे आधी पाहिलं जाईल. मुरबाड आणि शहापूर, दोन्हीकडे एसटीचं आगार आहे. गाडीचं वेळापत्रक या आगारांशी जुळवलं नाही, तर स्थानक झालं तरी रात्रीच्या लोकलने उतरलेला कामगार फाट्यावर जीपची वाट पाहत उभा राहील. मुक्कामाची एसटी गावात असली तर पहाटेची लोकल मिळते, नसली तर शहापुरात खोली घ्यावी लागते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं शिक्षण पुढे चालायचं की नाही, हे कित्येक घरांत संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर ठरतं. भेंडी, काकडी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, करवंदं, जांभळं घेऊन कल्याणला जाणाऱ्या बाईला मालडबा कुठे थांबतो आणि फलाटाला उतार आहे का, हे हवं. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निघतात; त्यांना अनारक्षित तिकीट आणि बसायला जागा हवी. रुळाच्या दोन्ही बाजूंना शेती असणाऱ्यांना गुरं आणि बैलगाडी नेता येईल असा भुयारी मार्ग हवा, आणि भातखाचरांचं पाणी अडणार नाही एवढी रुंद मोरी. पावसात कुठला ओहोळ किती चढतो हे लावणी करणाऱ्याला तोंडपाठ असतं, सर्वेक्षणाला येणारा माणूस बहुधा कोरड्या दिवसांत येतो.

यातल्या निम्म्या गोष्टींना जादा जमीन लागत नाही, जादा रूळही लागत नाहीत. त्या फक्त आधी कळाव्या लागतात. रेल्वेकडे विभागीय प्रवासी सल्लागार समित्या आहेत, पण त्यांचे सदस्य नेमलेले असतात, आणि ज्या मार्गावर अजून प्रवासीच नाहीत त्याचं तिथे कोण बोलणार? नव्या मार्गाच्या वाहतूक सर्वेक्षणात किती लोक प्रवास करतील याचा अंदाज बांधतात. त्या अंदाजात मार्गावरच्या गावांचे लोक येतात. मार्गाला एसटीने जोडल्या जाणाऱ्या गावांचेही यायला हवेत, कारण लोकल त्यांच्यावरही भरते.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरतातच. डोळखांब, किन्हवली, सरळगाव परिसरातल्या ग्रामपंचायतींनी त्याआधी आपल्या नाक्यांवर चार वेगवेगळ्या दिवशी माणसं मोजावीत. एक साधा दिवस, एक बाजाराचा, एक लावणीच्या हंगामातला आणि एक भट्टीला निघण्याच्या दिवसांतला. कोण, कुठे, किती वाजता, काय घेऊन जातं, एवढंच लिहावं. शाळेतली मोठी मुलं हे काम उत्तम करतील. मोजणीचा तक्ता ठरावाला जोडावा आणि ठरावाच्या प्रती मध्य रेल्वेच्या बांधकाम विभागाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि एसटीच्या दोन्ही आगारांना पाठवाव्यात. पोच घ्यावी. ठरावात प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक असावा, म्हणजे उत्तरही क्रमांकाने मागता येईल.