आयटीआयची फी सरकार भरतं, पण कुणाची?

दहावी झाली, कॉलेज सुटलं, हाताला काम नाही, अशी मुलं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. लूम मंदीत बंद पडल्यावर भिवंडी-मालेगावात तर पंचवीस-तीस वर्षांची कर्ती माणसंही घरी बसतात. त्यांना हुनर शिकायचं सुचवलं की पहिला सवाल येतो, "फी कोण भरणार?" आणि दुसरा, "आता या वयात?"

वयाचं आधी सांगून टाकू. आयटीआयला, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, प्रवेशासाठी किमान वय 14 वर्षं लागतं; वरची मर्यादा नाही. तीस वर्षांचा बाप आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच तुकडीत बसू शकतात. शिक्षणाचंही तसंच. बहुतेक ट्रेडला दहावी पास लागते, पण वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही मिळतात.

आता फी. लोक "सरकार फी भरतं" असं ऐकतात आणि समजतात की कुठेही नाव घातलं की झालं. तसं नाही. सरकारचा पैसा तीन वेगळ्या वाटांनी येतो.

पहिली वाट म्हणजे शासकीय आयटीआय. इथे खर्च सरकारच उचलतं, त्यामुळे खाजगी संस्थेच्या तुलनेत फी अगदी थोडी असते. पात्र प्रशिक्षणार्थींना वर विद्यावेतनही मिळतं. कित्येक वर्षं ते महिन्याला 40 रुपये होतं. 40 रुपयांत काय येतं ते वाचकांनीच ठरवावं! 2023 मध्ये राज्य सरकारने ते 500 रुपये केलं. घर त्यावर चालत नाही, पण बसपाससाठी घरच्यांपुढे हात पसरावा लागत नाही.

यातच आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे आणि ती फारच कमी घरांना ठाऊक असते. अल्पसंख्याक वस्ती मोठी असलेल्या भागांतल्या काही शासकीय आयटीआयमध्ये राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या पैशातून दुसऱ्या-तिसऱ्या पाळीच्या जादा तुकड्या चालतात. त्यातल्या बहुतांश जागा अल्पसंख्याक उमेदवारांसाठी असतात. नेहमीच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून निराश होऊन परत येण्याआधी प्राचार्यांच्या ऑफिसात एवढं तरी विचारा की अल्पसंख्याक तुकडी इथे आहे का. मुलींसाठी सगळ्या आयटीआयमध्ये 30 टक्के जागा राखीव असतात, तेही ध्यानात ठेवा.

दुसरी वाट खाजगी आयटीआयची, आणि सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो इथेच. खाजगी संस्थेची फी सरकार परत देतं. त्याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. प्रवर्ग आणि उत्पन्न पाहून फीचा किती भाग मिळणार ते ठरतं. पण एक अट अशी आहे की ती चुकली तर बाकी सगळं व्यर्थ: प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतूनच झालेला हवा. संस्थाचालकाने "फॉर्म-बिर्म कशाला, थेट येऊन बसा" म्हटलं आणि तुम्ही बसलात, तर ती जागा संस्था स्तरावरची ठरते आणि फी तुमच्याच खिशातून जाते. शासकीय आयटीआयमध्ये सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या काही जागा असतात, त्यांची फी जास्त असते. त्यांनाही ही प्रतिपूर्ती लागू आहे.

प्रतिपूर्ती या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्या. पैसा नंतर येतो. संस्था सुरुवातीला काही रक्कम मागते आणि सरकारी पैसा यायला महिने लागतात. म्हणून दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. प्रवेश झाल्यावर महाडीबीटी पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो. प्रवेशाचा फॉर्म म्हणजे हा अर्ज नव्हे. ट्रेड दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षी पुन्हा नूतनीकरण. पुष्कळ मुलं पहिल्या वर्षीचे पैसे घेतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात.

पैसा थेट बँक खात्यात येतो, तोही आधारशी जोडलेल्या खात्यात. एकापेक्षा जास्त खाती असतील तर आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं असेल तिथे तो जातो. "माझे पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या काहींचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपली घरं इथे मागे पडतात. नावाचंच घ्या. शाळेच्या दाखल्यावर मो. इरफान, आधारवर मोहम्मद इरफान शेख, बँकेत इरफान मोहंमद शेख. माणूस एकच, पण पोर्टलला तीन दिसतात. हे निकालाआधीच दुरुस्त करून ठेवा, कारण प्रवेशाच्या गर्दीत आधार केंद्रावर नंबर लागत नाही.

दुसरं, जातीचा दाखला. "आपण मुसलमान, आपल्याला कसली जात" असं म्हणून अनेक घरं हा विषयच सोडून देतात. राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मोमीन-जुलाहा-अन्सारी, मन्सूरी-पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा कितीतरी बिरादऱ्या आहेत; छप्परबंद विमुक्त जातींमध्ये आहेत. हा दाखला व्यवसायाने ओळखल्या जाणाऱ्या बिरादरीचा असतो, त्याने कुणाच्या दीनला धक्का लागत नाही. अडचण पुराव्याची येते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 आणि विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि जुन्या दाखल्यांवर धर्माच्या रकान्यात मुस्लिम, जातीच्या रकान्यातही मुस्लिमच. अशा वेळी आजोबा-चुलतआजोबांच्या शाळेचं रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद शोधा. वडिलांकडच्या एका भावाचा दाखला निघाला तर बाकीच्यांचा रस्ता सोपा होतो. ओबीसी आणि विमुक्त जातींना नॉन-क्रिमीलेअरही लागतं. उत्पन्नाचा दाखला मात्र प्रत्येकालाच, तहसीलदारांकडून.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत आयटीआयचाही समावेश होता. पण ती योजना गेली काही वर्षं रखडलेली आहे. तिच्या भरवशावर कुठेही फी भरू नका.

तिसरी वाट कर्जाची. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ व्यावसायिक शिक्षणासाठी 3 टक्के दराने कर्ज देतं. व्याजाचा सवाल ज्याचा त्याने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. माझं मत एवढंच की पहिल्या दोन वाटा पूर्ण धुंडाळल्याशिवाय कर्जाकडे वळू नये.

ज्याला घर चालवायचं आहे त्याला दोन वर्षं बिनकमाईची काढणं अवघड, हे खरंच आहे. त्याच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे काही महिन्यांचे कोर्स आहेत. त्यात सरकार पैसे केंद्राला देतं, शिकणाऱ्याने फी द्यायची नसते. तिथे कुणी "रजिस्ट्रेशन"च्या नावाखाली हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

आणि बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या "टेक्निकल इन्स्टिट्यूट"बद्दल. चाळीस हजार घेऊन छानसं सर्टिफिकेट देणाऱ्या अशा जागा गावोगाव आहेत. पैसे मोजण्याआधी विचारा, परीक्षा एनसीव्हीटीची आहे की एससीव्हीटीची? जवाब गोलमोल आला तर उठून या. रेल्वे आणि सरकारी कारखान्यांच्या अ‍ॅप्रेंटिस भरतीत साधारणपणे हेच प्रमाणपत्र मागतात.

ऑनलाइन फॉर्म भरला की काम संपत नाही. मूळ कागद घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन तो निश्चित करून घ्यावा लागतो, नाहीतर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. सायबर कॅफेवाला हे सांगेलच असं नाही.