बॅकस्पेस एकदा, खोडायचे बाइट तीन

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एखाद्या छोट्या टेक्स्ट एडिटरमध्ये ‘वरवट बकाल’ हे गावाचं नाव लिहा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. शेवटचा ‘ल’ जायला हवा. एडिटर फक्त इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असेल, तर ‘ल’ पुरता जात नाही; त्याच्या जागी भलतंच चिन्ह उमटतं. फाइल तशीच सेव्ह केली, तर काही प्रोग्रॅम ती उघडायलाही नकार देतात.

या नावात आपल्याला सात अक्षरं दिसतात. यूनिकोड काना वेगळा मोजतो, मधली मोकळी जागाही मोजतो. म्हणून चिन्हं नऊ. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि मोकळ्या जागेला एक, एकूण 25. एडिटर मात्र एक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून चालतो. तो ‘ल’चा शेवटचा बाइट तेवढा खोडतो आणि उरलेले दोन निरर्थक होतात.

दुरुस्ती दोन-चार ओळींचीच आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये यूटीएफ-8 रचली, तेव्हाच तिची सोय करून ठेवली. चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचा प्रत्येक बाइट द्विमान पद्धतीत 10 ने सुरू होतो. असे बाइट खोडत मागे जायचं. वेगळी सुरुवात असलेला भेटला, की तोही खोडून थांबायचं. फाइलच्या मध्यात कुठेही उतरा, चिन्ह कुठून सुरू झालं ते कळतंच. इतकी नेटकी रचना संगणकशास्त्रातही क्वचितच सापडते.

खरी कसोटी लागते ती या गावाच्या तालुक्याच्या, संग्रामपूरच्या, नावाशी. ‘संग्रामपूर’मध्ये 30 बाइट, 10 चिन्हं, पण अक्षरं पाचच. एकट्या ‘ग्रा’मध्ये ग, त्याचा पाय मोडणारी हलन्ताची खूण, र आणि काना अशी चार चिन्हं. बाणाची कळ एकदा दाबली, की कर्सरने अख्खा ‘ग्रा’ ओलांडायला हवा. नुसती चिन्हं मोजणारा एडिटर मध्येच अडकतो. देवनागरी यूनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण असं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्याच्या सर्वसाधारण नियमांत आला तो 2023 च्या 15.1 आवृत्तीत. बत्तीस वर्षं हा फार मोठा उशीर आहे.

असे बरेचसे एडिटर मुक्त स्रोत आहेत. कोड कुणालाही वाचता, सुधारता येतो. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यात आपल्या गावाचं नाव लिहून पाहावं. बिघडलं, तर कोणती कळ दाबली, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे नमुन्याच्या मजकुरासह कळवावं. दुरुस्ती जमलीच, तर सोबतच्या चाचणीत ‘संग्रामपूर’ आवर्जून घालावं.