प्रलयानंतरचा खेळ

संगणकावरचे खेळ दोन-चार वर्षांत शिळे होतात, हा नित्याचा अनुभव. मग १९९७ साली अमेरिकेतील इंटरप्ले कंपनीने काढलेला 'फॉलआउट' आम्हाला आजही का रमवतो?

कथा साधी आहे. अणुयुद्धाने जग होरपळले आहे, साल २१६१. कॅलिफोर्नियातील एका भुयारी वसाहतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप निकामी होते. दीडशे दिवसांत दुसरी शोधून आणायची.

आरंभी नायकाचे सात गुण आपणच ठरवायचे: बळ, बुद्धी, दैव इत्यादी. बुद्धी फारच कमी ठेवली, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही. उलट, पुरावा आणि वाक्चातुर्य गाठीशी असेल, तर अंतिम शत्रूला शस्त्राविना जिंकता येते. त्याने निर्मिलेली नवी मानवजात वांझ आहे, एवढे पटवून दिले की तो स्वतःच आपला अंत करून घेतो.

आणि फळ काय? जग पाहून बदललेल्या नायकाला वसाहतीचा प्रमुख दारातूनच परत पाठवतो.

चित्रे जुनी झाली खरी. पण आपल्या प्रत्येक निवडीचा हिशेब ठेवणारा खेळ जुना कसा व्हावा?